एकही चुकवली नाही

सेंट्रिफ्यूजची घरघर हळूहळू खाली आली, शेवटची गिरकी विरली, आणि सुलिएतीनं झाकण वर केलं. सकाळच्या नळ्या बहुधा एकमेकींसारख्याच दिसत. तळाशी पेशींचा घट्ट लाल थर आणि वर सुकल्या गवताच्या रंगाचं स्वच्छ पाणी. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक नळी खिडकीच्या उजेडात धरून बघायची तिची जुनी सवय होती. यंत्र आकडे देतंच, पण त्याआधी एकदा आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं, असं फिजीत, सुव्हामध्ये शिकत असताना तिच्या मनानं घेतलं होतं, आणि आपल्या बेटावरच्या राजधानीतल्या, नुकुअलोफाच्या या सरकारी प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही ते सुटलं नव्हतं. तीनचार नळ्या झाल्या. पुढची तिनं वर धरली आणि हात तसाच राहिला. वरचं पाणी गडद होतं, कोऱ्या चहासारखं. असा रंग वर्षातून काही वेळा बघायला मिळे, आणि दर वेळी तिला आधी एक प्रकारचं कौतुक वाटे, कुणाजवळ बोलून दाखवण्यासारखं नसलेलं. शरीरात रोज जुन्या पेशी मरतात, त्यांचा हा पिवळा गाळ. यकृत तो मुकाट्यानं उपसत राहतं, आणि ते थकलं की मगच लोकांना कळतं, आत कुणीतरी काम करत होतं. तसं आत्ताही वाटून गेलं. मग तिनं नळी फिरवून नाव वाचलं. पिसिला. गाव तेच, वय तेच. तिच्या भावाची, फेलेतीची, बायको.

“काय गं, पाल पडली का अंगावर?” पलीकडच्या टेबलावरून लुपेनं विचारलं. काम करताना कुणी गप्प बसलेलं लुपेला खपत नसे.

“काही नाही.”

“काही नाही तर नळी खाली ठेव. पुतळा झालाय तुझा. हल्ली बारीक झालीस म्हणून शोभतो तरी. आधी पावसाच्या पाण्याची टाकी वाटली असतीस.” लुपे स्वतःच हसली, आणि हसता हसता तिच्या खुर्चीनं नेहमीसारखी कुरकुर केली. “मला कधी देणार आहेस गं तो तुझा पाला? भावजयीला दिलास, मैत्रिणीला नाही.”

सुलिएतीनं नळी रॅकमध्ये ठेवली. इतर नळ्यांमध्ये ती आता लांबूनही ओळखू येत होती. सकाळी न्याहारीआधी घेतलेल्या, वजन उतरवायच्या त्या पाल्याच्या कॅप्सूलचा ढेकर तिच्या घशाशी आला. वाळक्या गवताचा, जरासा कडवट. रोजच येई. आज तिला तो आपल्या तोंडात नसून खोलीत कुठेतरी असल्यासारखा वाटला.

कावीळ कशानंही होते. तिनं मनात यादी सुरू केली. बेटावर निम्म्या घरांत जुनी, आईकडून मुलाला आलेली यकृताची लागण असते, ती एखाद्या वर्षी उसळते. पित्ताच्या नळीत खडा अडकतो. पिसिलासारख्या चाळिशीतल्या, जाड, लेकुरवाळ्या बायकांना तर हमखास. उंदरांच्या मुतानं होणारा ताप, तो अळूच्या शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना. गाठ, स्वादुपिंडाची. ती भराभर पुढे जात राहिली, एखादी शक्यता पुन्हा मोजत राहिली, कारण यादी लांबवता येईल तोवर तिच्या शेवटच्या ओळीपाशी जावं लागत नव्हतं. एवढ्यात यंत्रानं आकडे दिले. यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारी द्रव्यं इतकी होती की यंत्रानं मोजायला नकार दिला. नमुना पातळ करून पुन्हा घाला, असं ते म्हणत होतं. तिनं पातळ करून पुन्हा घातला. खडा असता तर आकड्यांची ठेवण वेगळी असती. लागण नाही, हे दुसऱ्या चाचणीनं तासाभरानं सांगितलं. यादी एकेका ओळीनं आखूड होत होती, आणि तिला, जिनं आयुष्यभर अशाच याद्या आखूड करण्याचं काम केलं होतं, पहिल्यांदाच वाटलं की यंत्रानं जरा चुकावं.

रक्त गोठण्याची चाचणी हातानं करावी लागली. ते यंत्र बिघडलेलं होतं आणि त्याचा सुटा भाग न्यूझीलंडहून यायचा होता. तिनं कोमट पाण्याच्या पात्रात काचेची बारीक नळी धरली, पिसिलाच्या रक्तातलं ते तपकिरी पाणी तिच्यात सोडलं, वरून औषध घातलं, आणि नळी तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी करायची, असं करत बघत राहिली. निरोगी माणसाचं असेल तर डोळा लवतो न लवतो तोच आत एक पांढुरका तंतू दिसतो, आणि पाणी हलायचं थांबतं. तो तंतू विणायला लागणारा धागाही यकृतच कातत असतं. नळी तिरकी झाली, सरळ झाली. पाणी पाण्यासारखं हलत राहिलं. इतका अवकाश तिला कधी या नळीपाशी मिळाला नव्हता. त्यात सगळं मावू लागलं.

फाका मेचा रविवार मावला. मे महिन्यातला तो पहिला रविवार, पोरांचा. पोरं पांढरे कपडे घालून देवळात बायबलातली वचनं म्हणतात आणि मग गावाची पंगत बसते. फेलेतीच्या धाकट्या मुलीचं वचन चांगलं झालं होतं. केकचा वरचा थर आत्याकडे, म्हणजे सुलिएतीकडे, आला, तसा तो नेहमी येतो; आत्याचा मान भावाच्या घरात सगळ्यांत वरचा, बापापेक्षाही वरचा. ती चटईवर मध्यभागी बसली होती. कमरेची कीकी, ती दोऱ्यांची विणलेली झालर, आता तिला जवळजवळ दीडदा गुंडाळता येत होती, आणि देवळातल्या बायका तिला मागून पुढून बघत होत्या. पिसिला उमूत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर, भाजलेल्या डुकराचं ताट घेऊन आली. घामानं चमकणारी, दंड उघडे, दोन माणसं बसतील एवढ्या जागेतून वाट काढत. आणि सुलिएतीनं तिचा दंड चिमटीत धरला होता. तो मऊ गरम दंड आत्ता, हातात काचेची नळी असताना, तिच्या बोटांना आठवला. दंड धरून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, “पिसिला, तुला उमूत घालायची म्हटलं तर खड्डा केवढा खणावा लागेल गं!” बायका खदखदल्या. पिसिला सगळ्यांत जोरात हसली. “वन्सं, माझ्यासाठी तापवायला दगड पुरायचे नाहीत,” ती म्हणाली. मग? मग पिसिला म्हणाली की मलाही द्या ना तो तुमचा पाला? की तसं ती म्हणालीच नव्हती, आणि सुलिएतीनं आपली पिशवी उघडून, ऑकलंडच्या बहिणीनं पाठवलेली नवी बाटली तिच्या हातात ठेवली होती, सगळ्यांसमोर? इतके दिवस सुलिएतीच्या आठवणीत पिसिला मागत होती. लुपेलाही तिनं तसंच सांगितलं होतं. आता ती तो क्षण पुन्हा तिरका करून बघत होती, सरळ करून बघत होती, आणि पिसिलाचं तोंड हलताना दिसत होतं, पण मागणं ऐकू येत नव्हतं.

तिनं द्यायचं कारण खोटं नव्हतं, एवढं मात्र तिला ठाऊक होतं. आईचा पाय होता त्यामागे. ती सुव्हामध्ये शिकत असताना आईच्या करंगळीला काहीतरी लागलं. साखर इतकी होती की ते लागलेलं आईला कळलंच नाही. ती परत आली तेव्हा याच इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर आई होती, आणि चादर गुडघ्याच्या खाली अचानक सपाट झाली होती. “बघ, डॉक्टर सारखा म्हणायचा वजन कमी करा, वजन कमी करा,” आई म्हणाली होती. “एका सकाळीत केलं की नाही?” फेलेती त्या वेळी दाराबाहेर उभा होता. आत बहीण असल्यामुळे रीतीप्रमाणे त्याला येता येत नव्हतं. बहीण गेल्यावर तो आईजवळ येई. आईच्या मरणापर्यंत ते दोघं असे पाळीपाळीनं तिच्या खाटेशी बसले. पिसिलाचं अंग बघितलं की सुलिएतीला ती सपाट चादर दिसे. हे खरं होतं. पण खड्ड्याचा विनोदही तिनंच केला होता, तोही खरा होता. आणि दोन्ही खरं असताना त्यातलं कुठलं किती, हे मोजायचं यंत्र तिच्यापाशी नव्हतं.

आणि बाटलीवरचं लेबल तिनं वाचलं होतं. बारीक अक्षर भिंगाखाली धरून वाचलं होतं. हिरव्या चहाचा अर्क. कोकमाच्या जातीच्या एका फळाची साल. कसलंसं मूळ. विष म्हणावं असं त्यात काही नव्हतं. चहा जग पितं, ते फळ लोक आमटीत घालतात. कपभर चहा वेगळा आणि किटलीच्या किटली आटवून एका कॅप्सूलमध्ये कोंबलेला चहा वेगळा, हेही तिला माहीत होतं. म्हणून तर तिनं स्वतः दोन महिने घेतल्यावर एका शांत दुपारी लुपेकडून स्वतःचं रक्त काढवून घेतलं, याच यंत्रात घातलं, आणि आकडे कागदावर टिपल्यासारखे स्वच्छ आले. मग तिची खात्री झाली. एका माणसाचं रक्त म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर तिनं पानभर लिहिलं असतं. हजारांत एखाद्याच्या शरीराला एखादी वस्तू सोसत नाही, आणि तो एक कोण हे आधी कळायला मार्ग नसतो. म्हणून तर ज्याला देतो त्याचं रक्त बघत राहायचं. तिनं आपलं बघितलं. पिसिलाचं बघावं हे तिच्या मनात आलं नाही. पिसिलाला तिनं देवळात बघितलं होतं, गेल्या काही रविवारी. बायकांच्या बाकावर, गाण्यांच्या मध्ये, पिसिला विणलेल्या पंख्याचा दांडा पाठीत घालून खाजवत होती. मग पोटऱ्या. मग पुन्हा पाठ. डास आहेत, असं सुलिएतीला वाटलं होतं; पण ऑगस्टच्या त्या कोरड्या गार हवेत देवळात एक डास नव्हता. तिनं बघितलं होतं आणि डास समजली होती. बाहेर पायऱ्यांवर पिसिला म्हणाली, “वन्सं, तुमच्या पाल्यानं भूकच मारली. मटणाचा वास आला तरी ढवळतं.” बायका म्हणाल्या, नशीब आहे बाई. आणि सुलिएती म्हणाली होती, “बघ, लागू पडलं.”

नळीत अखेर काहीतरी धूसर दिसलं. तंतू म्हणण्यासारखा नव्हता, पाण्यात विरघळू बघणारा एक मळकट धागा. तिनं आकडा लिहिला. मग दुसरी नळी घेऊन सगळं पुन्हा केलं, कारण दोनदा करायचा नियम होता. दुसरा आकडा पहिल्याला लागूनच आला.

“मी वॉर्डात जाऊन येते,” ती म्हणाली.

“तू?” लुपेनं मान वर केली. प्रयोगशाळेतली माणसं वॉर्डात जात नसत. तिथून नळ्या येत. “कोण आहे?”

“पिसिला.”

लुपेनं खुर्ची सरकवली. मग ती म्हणाली, “जा. बाकीचं मी बघते.” जाता जाता तिनं सुलिएतीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. तिनं पाला पुन्हा मागितला नाही, याचा सुलिएतीला दाराबाहेर आल्यावर अर्थ लागला: लुपेनंही ओळखलं होतं.

वॉर्डाकडे जाणाऱ्या उघड्या व्हरांड्यात नातलगांच्या चटया पसरल्या होत्या. कुणी उकडलेले सुरण सोलत होतं, कुणी पालथं पडून झोपलं होतं. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी फेलेती बसला होता, गुडघ्यांवर मोठे हात टाकून. त्याला ती दिसली. तो उठला, नजर खाली ठेवून बाजूला झाला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून अंगणात गेला. यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं. आजूबाजूच्यांनी त्याच्याकडे कौतुकानंच बघितलं असेल. ती वयात आली त्या वर्षी आईनं त्याची चटई उचलून मुलांच्या झोपडीत नेऊन टाकली, आणि तेव्हापासून भाऊ बहिणीच्या खोलीत बसत नाही, तिच्यासमोर चेष्टा करत नाही, शरीराचं कसलंच बोलणं, आजाराचंसुद्धा, काढत नाही. त्याआधी ते दोघं खारफुटीच्या चिखलात खेकडे धरायचे, आणि तो तिला ‘बेडकी’ म्हणायचा. नंतर तो ‘अक्का’ म्हणू लागला, ‘तुम्ही’ म्हणू लागला. शेतातला पहिला सुरण दर वर्षी तिच्या दाराशी येई, टोपली ठेवून तो निघून गेलेला असे. तिनं काही सांगितलं की तो म्हणे, “बरं.” मुलाचं नाव तिनं ठेवलं, बरं. मुलीला शहरातल्या शाळेत घाल, बरं. या माणसाच्या तोंडून तिनं गेल्या तीसएक वर्षांत दुसरा शब्द क्वचितच ऐकला होता, आणि तिला कधी वाटलं नव्हतं की त्या शब्दाच्या मागे दुसरं काही असू शकतं.

पिसिला खिडकीजवळच्या खाटेवर होती. तीच खाट नसावी. खाटा बदलल्या होत्या. उशीला टेकून ती बसली होती, आणि चेहरा, मान, उघडे दंड, सगळं पिकल्या पपईच्या सालीसारखं पिवळं. डोळ्यांतलं पांढरं आता पांढरं नव्हतं. सुलिएतीला बघून ती घाईघाईनं पाय आखडून घ्यायला लागली, मोठ्या माणसासमोर पाय पसरायचे नसतात म्हणून.

“राहू दे गं. पाय राहू दे.”

“वन्सं, तुम्ही कशाला आलात? कुणी सांगितलं? मी फेलेतीला म्हटलं होतं, तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून. तर तो म्हणे, मी कसा सांगेन.” ती हसली. आवाज तोच, देवळातल्या मागच्या रांगेतून घुमणारा, पण वाटेत कुठेतरी दमलेला. “बघा तरी माझ्याकडे. खड्डा निम्मा पुरेल आता.”

सुलिएतीला हसता आलं नाही. ती खाटेच्या कडेवर बसली. जवळून एक वास येत होता, गोडसर, शिळा. यकृत हरायला लागलं की येणाऱ्या या वासाचं वर्णन तिनं पुस्तकात वाचलं होतं. नाकाला तो पहिल्यांदाच भेटत होता. “खाज कधीपासून आहे?”

“खाज ना? झाले खूप दिवस. आधी खाज, मग लघवी लाल. मग मुलगी म्हणाली, आई, डोळे बघ. आरशात बघितले तर कोंबडीचे डोळे.”

“मला का नाही सांगितलंस?”

पिसिलानं तिच्याकडे बघितलं, जरा गोंधळून, जसं कुणी पोरानं अगदीच सोपं काहीतरी विचारावं. “तुम्हाला कसं सांगणार?”

मग तिनं उशीखाली हात घातला. मोठ्या, सुजलेल्या बोटांनी रुमालाची गाठ सोडायला तिला वेळ लागला. रुमालातून ती बाटली निघाली, पानाचं हिरवं चित्र असलेली. तिनं ती सुलिएतीसमोर धरली आणि हलवली. तळाशी थोड्या कॅप्सूल खुळखुळल्या. तिच्या पिवळ्या चेहऱ्यावर लहान मुलानं धडा पाठ करून दाखवावा तसा भाव होता.

“एकही चुकवली नाही, वन्सं. आज सकाळचीसुद्धा घेतली. नर्स वळली की पटकन.”

खिडकीबाहेर कुणीतरी टोपात डाव आपटत होतं. सुलिएतीनं हात पुढे केला आणि बाटली घेतली. प्लास्टिक कोमट होतं, उशीखालच्या उबेनं.

“संपतच आल्या होत्या,” पिसिला म्हणाली. “म्हटलं, ऑकलंडहून येणार असतील ना, तोवर पुरवाव्यात.”

“डॉक्टरांनी विचारलं नाही, काय औषधं घेतेस?”

“विचारलं की. दोनदा विचारलं. चांगली आहे हो पोरगी, फिजीची आहे, पण आपल्यासारखीच जाड. मी सांगितलं, काही घेत नाही.”

“का गं?”

“आता एवढ्या बायकांच्या देखत तुमचं नाव घेऊ? आणि औषध कुठंय ते, पाला आहे.” पिसिलानं पाठ उशीवर घासली, खाजवण्यासाठी. “पहिल्यांदा उलट्या झाल्या तेव्हा फेलेती म्हणाला होता, नको घेऊस चार दिवस. मग रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी उठून म्हणतो, घेच. अक्कांनी दिलंय. त्यांना लोकांच्या रक्तातलं कळतं, तुझं कळणार नाही का.”

“पिसिला, आता घ्यायची नाही. एकही नाही. यानंच झालंय हे.”

“बरं,” पिसिला म्हणाली. लगेच, सहज. मग सुलिएतीचा चेहरा बघून तिनं आपला पिवळा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. “तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही चांगल्यासाठीच दिलंत. मी जरा जास्तच जाड होते.”

फिजीची ती डॉक्टर, आकानिसी, वॉर्डाच्या टोकाला हात धूत होती. सुलिएतीनं बाटली तिच्यासमोर ठेवली आणि आकडे सांगितले. आकानिसीनं लेबल वाचलं, मान हलवली. असं याआधी सुव्हामध्ये एकदा बघितलंय, ती म्हणाली. बंद केलं की बहुतेकांचं यकृत सावरतं, हट्टी असतं ते. “रक्त गोठण्याचं काय?” तिनं विचारलं. सुलिएतीनं तो आकडाही सांगितला. नळातून पाणी पडत राहिलं आणि आकानिसी नळ बंद करायचं विसरली. “दोनदा केलंत?” “दोनदा.” “उद्या सकाळी पुन्हा करू. मी ऑकलंडला फोन लावते, त्यांच्याकडे न्यायची वेळ आली तर.” मग, जाता जाता, लिहिण्यापुरतं, तिनं विचारलं, “हे कुणी दिलं त्यांना?”

“मी.”

आकानिसीनं तिच्याकडे बघितलं आणि फक्त मान डोलावली, समजल्यासारखी. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुलिएतीला वाटलं. या बेटावर तिच्यावर ओरडू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. आईबाप गेले होते. भावाच्या घरातली माणसं तिच्यापुढे वाकत होती, आणि बाहेरची माणसं तिच्या पांढऱ्या कोटापुढे.

लहानपणी एकदा वडिलांच्या ट्रकखाली शेजारच्या घरचा मुलगा आला होता. मुलगा वाचला, पण हात गेला. त्या संध्याकाळी वडिलांनी, माफी मागायची रीत म्हणून, इफीच्या झाडाची पानं ओरबाडून दोरीत ओवली, ती माळ गळ्यात घातली, अंगाला फाटकी चटई गुंडाळली आणि शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन मातीत बसले, मान खाली घालून. कितीतरी वेळ कुणी बाहेर आलं नाही. सुलिएती आणि फेलेती कुंपणातून बघत होते. तो तेव्हा तिच्या शेजारी उभा राहू शकत होता, त्याचा श्वास तिच्या कानाला लागत होता. शेवटी त्या घरचा म्हातारा आला, त्यानं वडिलांच्या गळ्यातली माळ काढली आणि त्यांना उठवलं. घरी आल्यावर वडील ओक्साबोक्शी रडले, आणि मग जेवले. ते जेवले, हे सुलिएतीला त्या दिवशी विचित्र वाटलं होतं. आता ती पायऱ्या उतरत होती आणि तिला ते जेवण समजत होतं.

अंगणात फणसासारखी फळं धरणाऱ्या मोठ्या नीरफणसाच्या सावलीत, फेलेती दगडावर बसला होता. एक डुक्कर पिल्लं घेऊन त्याच्या पायाशी माती उकरत होतं. ती येताना दिसताच तो उठला आणि पाठमोरा वळला.

“फेलेती, थांब.”

तो थांबला, पाठ तिच्याकडेच. पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. तोही जाड झाला होता, वडिलांसारखा, हे तिला आत्ता दिसलं. त्याच्याकडे नीट बघायची तिलाही सवय नव्हती. काय म्हणायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ती खाली बसली, मातीतच, पांढऱ्या कोटासकट, पाय एका बाजूला दुमडून, वडील बसले होते तशी. तिनं मान खाली घातली. तिला वाटलं, आता तो वळेल, उभा असेल, त्याची सावली तिच्या मानेवर पडेल, आणि त्याला जे वाटायचं ते वाटेल.

तो वळला. क्षणभर सावली पडलीही. मग त्याच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला, घाबरलेल्या जनावरासारखा, आणि तो धाडकन खाली बसला. बहीण जमिनीवर आणि आपलं डोकं तिच्या वर, हे त्याच्या अंगाला सोसलं नाही; मनाला विचारायची वेळही त्यानं घेतली नाही. तिनं डोकं आणखी खाली नेलं. तो गुडघ्यांवर वाकला, दोन्ही तळवे मातीवर टेकवून, कपाळ जवळजवळ जमिनीला लागेल इतका. व्हरांड्यातली माणसं दुसरीकडे बघू लागली. ती थांबली. तिच्या लक्षात आलं की ती जितकी खाली जाईल, तितका तो तिच्याही खाली जात राहील, आणि खाली आता जागा नव्हती. ज्याला तिच्यावर रागवायची कधी परवानगीच नव्हती, त्याच्यापाशी तिला द्यायला क्षमा कुठून असणार. तिच्या गळ्यात इफीची माळ असती, तर ती काढायला त्याला तिच्या डोक्याच्या वर हात न्यावा लागला असता.

“तिला त्या गोळ्यांनी झालंय,” ती म्हणाली. “मी दिलेल्या.”

“बरं,” मातीकडे तोंड करून तो म्हणाला.

डुकराचं एक पिल्लू त्यांच्या मधून चालत गेलं. आतून, खिडकीतून, पिसिलाचा खोकला ऐकू आला, आणि कुणाशी तरी बोलताना हसल्याचा आवाज. फेलेतीचा खांदा हलला. तो काहीतरी बोलू बघत होता, आणि ते काय असेल हे तिला कळेना, कारण त्याला स्वतःहून बोलताना तिनं शेवटचं ऐकलं होतं ते खारफुटीच्या चिखलात.

“अक्का,” तो म्हणाला. “ती वाचेल ना?”

तिच्या डोळ्यांपुढे ती नळी आली, तिरकी होणारी, सरळ होणारी, आणि आतलं पाणी. हो म्हटलं तर तो उठेल, आत जाईल, पिसिलाला सांगेल, अक्का म्हणाल्या, आणि ती दोघं निश्चिंत होतील. उद्या सकाळी नळीत काहीही दिसलं तरी ती दोघं निश्चिंत राहतील, जशी बाटली घेताना राहिली. नाही म्हटलं तर तो तेही मानेल, आणि आजपासूनच पिसिलासाठी मयताच्या चटया काढून ठेवेल. तिच्या शब्दाचं या घरात नेहमी हेच होत आलं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

तो तसाच वाकलेला राहिला. त्याच्या मोठ्या तळव्यांखाली माती दबली होती. तो हे आतमध्ये कुठेतरी ठेवायला जागा करत असल्यासारखा वाटला, आणि मग, जसा तो आयुष्यभर म्हणत आला होता तसा, तो म्हणाला,

“बरं.”